खालची चिठ्ठी

पावागडच्या उतारावर, आषाढ सरता सरता,
दोघी एकाच वितीभर मातीतून वर येतात.
पानं गवतासारखी, मधे पन्हळ पडलेली,
दांडा ताठ, फुलं पांढरी, सहा पाकळ्यांची,
सकाळी उघडून ऊन चढलं की मिटणारी.
एक कुली, एक मुसळी.
मुसळीला बाजारात भाव आहे,
म्हणून कुलीही तिच्याच नावावर खपते.

दिघेबाई म्हणायच्या, चेहरा बघू नकोस.
चेहऱ्यावरून आमचा धोबी
माझ्या साड्या जाऊबाईंकडे देऊन जातो.
देठ बघ. देठात एक सांधा असतो,
नखानं चाचपून बघ, कुठं आहे.
केसरांचे तंतू आखूड की परागकोश?
आणि वाकायचा कंटाळा करू नकोस, खाली खण.
कुलीचे कंद दोऱ्यांना लटकलेले,
पाळण्यावरच्या चिमण्यांसारखे.
मुसळीचे थेट बुडातून, मुठीतून बोटं निघावीत तसे.

(जांबुघोड्याच्या वाटेवर मंगळीबेन राठवाला
यातलं काही लागत नाही.
ती चालता चालताच सांगते,
याची भाजी करायची, ते विकायचं.
कसं ओळखलंस विचारलं तर
माझ्याकडेच बघत राहते.)

एकाहत्तर सालचा एक कागद आहे आमच्या कपाटात.
कडा तपकिरी, डांबरगोळ्यांचा वास,
रोप सुईदोऱ्यानं नीट टाचलेलं,
कोपऱ्यात बाईंचं तिरकं अक्षर: मुसळी. पावागड, माचीच्या वर.
गोळा करणार: व. दिघे, कु. शितोळे.
आणि दांड्याखाली काहीच नाही.
मुळं सफाईनं कापलेली.

वाळकं फूल उकळल्याशिवाय बोलत नाही.
प्रयोगशाळेतली शेगडी बंद होती,
मी चहाच्या पातेल्यात एकच फूल सोडलं,
दोन मिनिटांत ते पुन्हा फूल झालं.
भिंगाखाली: तंतू आखूड, परागकोश लांब.
परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.
चहा त्या दिवशी कुणी प्यायलं नाही.

संध्याकाळी दांडिया बाजारात, बाईंकडे.
खिडकीशी खुर्ची, मांडीवर सोललेल्या वाटाण्याची ताटली.
मला बघून म्हणाल्या, ये कुमुद.
मी कुमुद नाही.
कुमुद शितोळे गेल्याला अकरा वर्षं झाली,
सून मागून हातानं खुणावत होती, असू दे, असू दे.
मी बसले. म्हटलं, बाई, माचीच्या वरचं ते रोप,
त्याची मुळं का हो कापली?

बाई दार बंद आहे का बघून हसल्या.
अगं, विसरलीस?
डबा माकडानं नेला, तू रडकुंडीला आलेली,
पुजाऱ्याच्या चुलीत आपण भाजले ना ते कंद!
मीठ नव्हतं. तरी तू चार खाल्लेस.
डिपार्टमेंटात कुणाला सांगितलं नाहीस ना?

नाही बाई, मी म्हटलं.
मग धीर करून, दोरीला लटकलेले होते का हो?
की बोटांसारखे?

त्या बराच वेळ ताटलीत बघत राहिल्या.
भूक लागली होती ग, म्हणाल्या. कोण बघतंय.

नवी मंडळी आता सांगतात, लिलीचं मोठं घर मोडलं,
वाटण्या झाल्या, या दोघी गेल्या शतावरीकडे.
बाईंना ते मी सांगितलं नाही.
वाटाणे सोलून द्यायला बसले,
आणि निघताना कुमुद म्हणूनच निघाले.

आमच्यात जुनं नाव खोडत नाहीत.
चुकलेलं असलं तरी ते कागदावर राहतं,
नवी चिठ्ठी त्याच्याखाली लावायची,
नाव, तारीख, ठरवणाऱ्याची सही.
दुसऱ्या दिवशी लावली. लिहिलं: कुली.
शेऱ्यात लिहिलं: मुळं उपलब्ध नाहीत.
पुढे अर्धी ओळ रिकामी होती.
पेन काही वेळ तिथंच धरून ठेवलं,
मग टोपण लावलं.